राजर्षी शाहू छत्रपती : विद्यार्थ्याचे ऐकून घेणारा राजा

प्रतिवर्षीच्या परिपाठाप्रमाणे यंदाच्या स्मरणिकेतही एका थोर पुरुषाचे चरित्र ज्ञातिबंधु-भगिनींच्या हाती देण्याचा योग येत आहे. यंदा आम्ही श्रीमंत राजर्षी शाहू छत्रपती महाराज यांची निवड केली आहे. करवीरकरांना शाहू महाराजांचे चरित्र सांगणे म्हणजे पंचगंगेकाठी बसून नदीची महती सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. आणि ते खोटे नाही. महाराजांची वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागेचे मैदान आणि कुस्तीचा नाद यांविषयी आपल्या घरोघरी वडीलधारी माणसे पिढ्यान्पिढ्या सांगत आली आहेत. तथापि या बहुविध कार्यातील एका अंगाकडे आपले म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. गरिबाच्या मुलाने कोणता धंदा शिकावा, कोठे शिकावा आणि शिकून कोणत्या जागी बसावे, हे ठरविताना त्या मुलाची अडचण त्याच्याच तोंडून ऐकण्याची जी रीत महाराजांनी पाडली, ते हे अंग होय. आपली ज्ञाती पिढीजात हाताच्या कसबावर जगलेली असल्यामुळे हा विषय आपल्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. आणि आपल्या संस्थेच्या कारभाराशीही त्याचा निकटचा संबंध आहे, हे लेखाच्या अखेरीस वाचकांच्या ध्यानी येईल.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि मातुःश्री राधाबाई. मातेचे छत्र बालपणीच हरपले. कोल्हापूरच्या गादीला वारस नव्हता, म्हणून चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले, आणि कागलचा हा नऊ वर्षांचा मुलगा शाहू छत्रपती झाला. पुढे दोनच वर्षांत वडीलही वारले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. 1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईसाहेब यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि 2 एप्रिल 1894 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी संस्थानचा कारभार हाती घेतला.

राज्य हाती येताच महाराजांनी मुलखाचे दौरे काढले. डोंगरदऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर जावे, घोंगडीवर बसावे, शेतकऱ्याच्या घरची भाकरी खावी आणि त्याचे गाऱ्हाणे मधला कोणी न घालता ऐकावे, असा त्यांचा स्वभाव होता. लवकरच 1896-97 चा दुष्काळ आणि त्यामागोमाग प्लेग अशी दोन संकटे ओढवली, आणि त्यांनी राजा व रयत यांच्यामधील अंतर आणखी कमी केले. पुढे सोनतळीच्या मुक्कामी तर कोणीही गरीब मनुष्य थेट महाराजांपुढे जाऊन उभा राहत असे. ही सवय नुसत्या दयाळूपणाची नव्हती. राज्यकारभाराची माहिती कागदावर जशी येते तशी ती नसते, आणि ज्याच्या पायात काटा रुतला आहे त्यालाच तो नेमका कोठे रुतला हे ठाऊक असते, ही जाण तिच्यामागे होती.

त्या वेळची परिस्थिती कशी होती, हे दोन आकड्यांवरून समजते. 1894 साली संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 अधिकारी एकाच ज्ञातीचे होते. आणि कारकुनांच्या सुमारे 500 जागांपैकी इतर सर्व ज्ञातींच्या वाट्यास अवघ्या 10 आल्या होत्या. हे आकडे आम्ही कोणा ज्ञातीस दूषण देण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या घरी अक्षर होते त्यांना जागा मिळाल्या आणि ज्यांच्या घरी कसब होते ते कचेरीच्या दाराबाहेर राहिले, एवढाच त्यांचा अर्थ. लोहाराला लोखंडाची जात कळत होती, सुताराला लाकडाची नस कळत होती, कोष्ट्याला सुताचा पोत कळत होता. पण या ज्ञानाची शाळेत गणना नव्हती, आणि शाळेत जे शिकवीत ते या मुलांच्या वाट्यास येत नव्हते.

ही उणीव प्रथम दाखविली ती महात्मा जोतीराव फुले यांनी, याचे येथे स्मरण केले पाहिजे. 1882 साली सरकारने हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन नेमले, तेव्हा जोतीरावांनी त्यापुढे लेखी निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि खेड्यांतील मुलांस शेतीचे व उपयुक्त कलांचे ज्ञान द्यावे, असा त्यांच्या मागण्यांचा आशय होता. मोठमोठ्या विद्वानांनी वेढलेल्या त्या कमिशनपुढे कष्टकऱ्यांच्या मुलांच्या वतीने बोलणारा असा आवाज विरळा होता. कमिशनने त्या आवाजाची फारशी दखल घेतली नाही. परंतु बारा वर्षांनी ज्या तरुण राजाने कोल्हापूरचा कारभार हाती घेतला, त्याने जोतीरावांच्या मागण्यांतील बरेच काही आपल्या राज्यात प्रत्यक्षात आणले.

वसतिगृहांची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पण तिची सुरुवात पुन्हा एकदा नीट पाहण्याजोगी आहे. 1896 साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व ज्ञातींना खुले असे वसतिगृह निघाले. नियमाने दार सर्वांना उघडे होते. प्रत्यक्षात मागासलेल्या ज्ञातींची मुले त्या दारापर्यंत पोहोचतच नव्हती. पुढे पांडुरंग चिमणाजी पाटील या मराठा विद्यार्थ्याची शिक्षणासाठी शहरात राहण्याजेवण्याची जी ओढाताण झाली, ती महाराजांच्या कानी गेली आणि तिच्यातून स्वतंत्र वसतिगृहाची कल्पना पक्की झाली, असे सांगितले जाते. खेड्यातील मुलाला शाळेची फी जड जाते त्याहून रात्री अंग टाकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळणे अवघड जाते, ही गोष्ट कोणत्याही अहवालात नव्हती; ती एका विद्यार्थ्याच्या अनुभवात होती. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले. ज्या पाटलांच्या अडचणीने हे घडविले, ते पुढे शेतकीशास्त्राचे जाणकार म्हणून नावाजले आणि सरकारी शेतकी खात्यात मोठ्या पदावर पोहोचले.

त्यानंतर वसतिगृहांची जणू मालिकाच लागली. 1901 मध्येच दिगंबर जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1907 मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, वैश्य, ढोर-चांभार, देवांग कोष्टी, नाभिक अशा अनेक ज्ञातींच्या मुलांची सोय झाली. महाराजांनी जागा दिल्या, इमारतींना साहाय्य केले, वार्षिक उत्पन्ने लावून दिली. परंतु कारभार मात्र त्या त्या ज्ञातीच्या हाती ठेवला. ज्ञातवार वसतिगृहांनी ज्ञातिभेद वाढेल, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. ज्या समाजाने कधी संस्था चालविली नाही त्याने ती चालवायला शिकावे, आपल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार त्याने स्वतः करावा आणि तेवढे बळ आल्यावर भिंती आपोआप गळून पडाव्यात, असा महाराजांचा हेतू होता. महाराष्ट्रातील आपल्यासारख्या पुष्कळ ज्ञातिसंस्थांचा जन्म या विचाराच्या सावलीत झाला आहे, हे आपण विसरू नये.

आता धंदेशिक्षणाकडे वळू. महाराजांना उद्योगाची आवड होती आणि दृष्टीही होती. 1895 साली त्यांनी शाहूपुरीची पेठ वसविली. पुढे ती गुळाची मोठी बाजारपेठ झाली. 1906 साली शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिलचा पाया घातला गेला. कित्येक कुटुंबांची चूल तिने पिढ्यान्पिढ्या पेटती ठेवली. ती गिरणी आज चालू नाही, पण तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उजाडत असे अशी माणसे आपल्यातही आहेत. हुन्नराच्या शिक्षणासाठी राजाराम इंडस्ट्रियल स्कूल आणि महाराजांच्या जन्मदात्या पित्याच्या नावाने जयसिंगराव घाटगे टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्था चालल्या. शेतकीसाठी किंग एडवर्ड शेतकी संस्था निघाली. हातात अवजार धरणाऱ्या मुलाला शाळेची प्रतिष्ठा मिळावी, हा त्यामागचा विचार.

परंतु महाराज येथेच थांबले असते, तर त्यांचे कार्य अर्धेच राहिले असते. लोहाराच्या मुलाला चांगला लोहार करावे आणि चांभाराच्या मुलाला चांगला चांभार करावे, एवढ्यावरच समाधान मानणारे शिक्षणाचे हितचिंतक तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्या शिक्षणाने मुलाचा हात सुधारतो आणि जागा मात्र तीच राहते. हा धोका महाराजांनी ओळखला. धंदेशिक्षण या शब्दाचा अर्थ त्यांनी हातोडी आणि रंधा यांपुरता ठेवला नाही. गावचा कारभार पाहणाऱ्या पाटलांसाठी त्यांनी पाटील शाळा काढली. 1918 साली कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, आणि त्या जागांवर महार समाजातील तरुणांचीही नेमणूक केली. गावच्या चावडीबाहेर उभे राहणाऱ्या बापाचा मुलगा चावडीत बसून दप्तर लिहू लागला, ही त्या काळी केवढी मोठी क्रांती होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. शिकलेल्या काही अस्पृश्य तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. पौरोहित्य हाही शिकण्याचा विषय आहे, असे मानून ब्राह्मणेतर तरुणांसाठी पुरोहितांची शाळा काढली. सारांश, सुतारकामापासून वकिलीपर्यंत आणि शेतीपासून पौरोहित्यापर्यंत प्रत्येक व्यवसाय शिकून येतो, जन्माने येत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

या साऱ्यास आधार होता तो 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याचा. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले असता करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्या उमेदवारांस द्याव्यात. वसतिगृह, शाळा आणि नोकरी या तीन पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत, त्यांतील एक जरी निखळली तरी चढणारा खाली येतो, हे यामागील सूत्र होते. शिकून पुढे काय, या गरीब बापाच्या प्रश्नाला तो हुकूम हे उत्तर होते.

तथापि मुळात अक्षरओळखच नसेल तर पुढचे सारे व्यर्थ. नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1911 साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले आणि पुढच्या वर्षी ते नामंजूर झाले. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1906 सालीच आपल्या संस्थानभर सक्ती लागू केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यासाठी त्यांनी उच्च शिक्षणावरील खर्चाची काटकसर पत्करली, आणि त्याबद्दल सुशिक्षितांची टीकाही सोसली. ज्याला वाचता येत नाही त्याला यंत्रावरची खूण कळत नाही, करारनाम्यातील कलम कळत नाही आणि आपल्यावर झालेला अन्याय अर्जात मांडता येत नाही. म्हणून त्यांनी पाया आधी घातला.

अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या बाबतीत महाराजांना आणखी एक गोष्ट उमगली, आणि तीही एका माणसाचे गाऱ्हाणे ऐकून. गंगाराम कांबळे हे दरबारच्या चाकरीत होते. पाण्याच्या हौदाला हात लागला म्हणून त्यांना मारहाण झाली. गंगारामांनी महाराजांपुढे जाऊन आपली व्यथा सांगितली. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य दिले. गंगारामांनी शहरात चहाचे दुकान काढले. पण त्या दुकानात चहा प्यायला येणार कोण? धंदा शिकविता येतो, भांडवलही देता येते, पण गिऱ्हाईक हुकमाने आणता येत नाही. तेव्हा महाराज स्वतः आपल्या लवाजम्यानिशी त्या दुकानाशी थांबू लागले, चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजा पहिले गिऱ्हाईक झाला आणि मग शहर झाले. धंदेशिक्षणाच्या कोणत्याही योजनेत न लिहिलेला, परंतु सर्वांत महत्त्वाचा धडा या हकीकतीत आहे. ज्याच्या मालाला आणि श्रमाला समाज शिवत नाही, त्याला नुसते कसब देऊन भागत नाही. याच गंगारामांनी महाराजांच्या पश्चात 1925 साली कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

याच ओघात महाराजांनी अस्पृश्य तरुणांना माहूत, कोचमन आणि मोटारचालक म्हणून आपल्या खास तैनातीत घेतले. गुन्हेगार म्हणून हिणविल्या गेलेल्या फासेपारध्यांना जवळ करून कामधंद्यास लाविले. 1918 साली काही जमातींवरील पोलिसांच्या रोजच्या हजेरीचे जाचक बंधन काढून टाकले, कारण ज्याला रोज चावडीवर हजेरी द्यावी लागते तो दूरच्या गावी काम शिकायला जाणार तरी कसा? आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. ज्ञातवार वसतिगृहांना उत्तेजन देणाऱ्या राजानेच वेगळ्या शाळा मोडल्या, यात विसंगती नाही. राहण्याचा आधार आपल्या माणसांत असावा आणि शिकणे सर्वांसोबत व्हावे, हीच त्यांची नीती.

कोल्हापुरात शिकत असलेल्या आणखी एका विद्यार्थ्याचा उल्लेख केल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. कुंभोज येथे 22 सप्टेंबर 1887 रोजी जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील हे शिक्षणासाठी कोल्हापुरास आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यावरून तेथील व्यवस्थेशी त्यांचा खटका उडाला, त्यांना तेथून बाहेर पडावे लागले आणि महाराजांनी त्यांना आश्रय दिला, असे सांगतात. वसतिगृहाचे नियम कोणासाठी असतात आणि ते कोण ठरवितो, हा प्रश्न या तरुणाला विद्यार्थिदशेतच पडला. त्याचे उत्तर त्यांनी पुढे आयुष्यभर दिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्यास सर्व ज्ञातींची मुले एका पंगतीत जेवतील, एकत्र राबतील आणि शिकतील असे वसतिगृह काढले, आणि त्यास शाहू महाराजांचेच नाव दिले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला. कमवा आणि शिका ही कर्मवीरांची योजना म्हणजे धंदा आणि विद्या यांमधील भिंत पाडण्याचा प्रयत्न होता, आणि त्याचे बीज कोल्हापुरातील एका विद्यार्थ्याच्या अनुभवात होते.

महाराजांच्या अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग त्यांच्या साऱ्या कार्याचा कळस ठरावा असा आहे. 21 व 22 मार्च 1920 रोजी कागलजवळील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते तरुण विद्वान भीमराव आंबेडकर. महाराज तेथे आवर्जून गेले, आणि आपल्यासारख्या उपकारकर्त्याच्या तोंडाकडे न पाहता तुम्ही आपल्यातूनच पुढारी निवडला, याबद्दल त्यांनी जमलेल्या लोकांचे अभिनंदन केले. ज्या राजाने आयुष्यभर इतरांची गाऱ्हाणी ऐकली, त्याने आता आपण ऐकण्यापेक्षा त्यांनी स्वतः बोलावे, हे मोकळ्या मनाने मान्य केले. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रास आणि विलायतेतील शिक्षणास त्यांनी अर्थसाहाय्य केले. या साहाय्याचे फळ केवढे मोठे आले! 1942 साली डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, तेव्हा त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी केली. जोतीराव कमिशनच्या दाराशी उभे राहून बोलले होते. भीमराव जेथे निर्णय होतात त्या मेजाशी बसून बोलले. या दोन घटनांमध्ये 60 वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतराच्या मध्यभागी कोल्हापूरचा हा राजा उभा आहे.

6 मे 1922 रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे 47 वर्षांचे. 28 वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जे केले ते पाहून मन थक्क होते. परंतु चरित्र लिहिणाऱ्याने केवळ स्तुती करून थांबू नये. महाराजांच्या राज्यात विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकले जाई, ते राजाचे मन मोठे होते म्हणून. विद्यार्थ्याला बोलण्याचा हक्क म्हणून कोठे जागा नव्हती. कोणत्याही शाळेच्या वा वसतिगृहाच्या पंचांत विद्यार्थी बसावा, असा नियम केलेला आमच्या वाचनात नाही. राजाचा कान ही रयतेची मोठी ठेव असते, पण तो कान राजाबरोबरच जातो. माणूस गेल्यावर ऐकणे चालू राहावे असे वाटत असेल, तर ते नियमात बांधले पाहिजे. आता राजे राहिले नाहीत; त्यांच्या जागी समित्या, मंडळे आणि कार्यकारिणी आल्या. आपणही त्यांतलेच एक आहो.

येथे आम्हांस आमचीच एक चूक ज्ञातिबांधवांपुढे मांडली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे राधानगरीकडील एका मुलीचा अर्ज आला. दहावीस गणितात चांगले गुण होते. आय.टी.आय.मध्ये ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांचे आराखडे काढण्याचा जो अभ्यासक्रम असतो, तो शिकण्याची इच्छा तिने अर्जात लिहिली होती. आम्ही पाच-सहा वडीलधारी मंडळी बसलो, चहा घेतला आणि मुलीच्या जातीला शिवणकाम बरे, घरबसल्या चार पैसे मिळतील, असे ठरवून तिला शिवणवर्गाची शिष्यवृत्ती मंजूर केली. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलावण्याचे आमच्यापैकी कोणासही सुचले नाही. दोन महिने ती वर्गास गेली आणि मग तिने येणे सोडले. मुलीला गोडी नाही, असा शेरा आम्ही मारून मोकळे झालो. पुढे तिच्या वडिलांची गाठ पडली तेव्हा कळले, की घरातील कामाचे सारे नकाशे लहानपणापासून तीच काढून देत असे. तिला गोडी होती; आम्हांस विचारण्याची बुद्धी नव्हती.

हेतू आमचाही चांगलाच होता. परंतु वर ज्या हितचिंतकांचा उल्लेख केला, हात सुधारून जागा तीच ठेवणाऱ्यांचा, त्यांच्या पंक्तीत आम्ही नकळत जाऊन बसलो होतो. आज शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. 1950 सालापासून ती व्यवस्था देशभर वाढत आली आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत कारखाने आणि ओतशाळा आहेत. सोयी वाढल्या, पण या सोयींपैकी कोणती कोणाच्या कामाची, कोणत्या वर्गाची वेळ शेतावर राबणाऱ्या मुलाला झेपत नाही, कोणत्या गावाहून सकाळची गाडीच नाही, आणि उमेदवारीत काम शिकवितात की नुसते झाडू मारून घेतात, हे त्या मुलामुलींइतके कोणास ठाऊक असणार?

म्हणून महाराजांचे चरित्र सांगताना आम्ही ज्ञातिबांधवांपुढे एक नम्र सूचना ठेवीत आहो. येत्या वार्षिक सभेत आपल्या शिष्यवृत्ती समितीवर दोन विद्यार्थी सभासद घ्यावेत, त्यांपैकी एक धंदेशिक्षण घेणारा असावा आणि एक मुलगी असावी. त्यांना इतरांप्रमाणे मताचा अधिकार असावा. तसेच कोणत्याही अर्जाचा निकाल अर्जदाराला समक्ष बोलावून, त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून देऊ नये. यास पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत दोन खुर्च्या वाढवाव्या लागतील, एवढेच. मुले लहान आहेत, त्यांना काय कळते, असे कोणी म्हणतील. त्यांनी एवढेच आठवावे की एका विद्यार्थ्याची राहण्याची अडचण राजाने मनावर घेतली, आणि तिच्यातून करवीरनगरी वसतिगृहांची माहेरभूमी झाली.

प्रतिवर्षी 26 जून रोजी दसरा चौकातील महाराजांच्या पुतळ्यास आपली मंडळी हार घालतात. यंदाही घालतील, घालावाच. पण त्या दिवशी सायंकाळी समितीची बैठक भरेल, तेव्हा बाहेरच्या बाकावर कोणी मूल बसलेले आहे का, हे दार उघडून एकवार पाहावे, आणि असल्यास त्याला आत बोलवावे. राजर्षींच्या स्मृतीस आमचे हेच वंदन आहे.